होल्डवर ठेवलेला भाऊ

आमच्या ताईने सदतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. रिटायर झाली तरी ती नोकरी काही तिच्या अंगातून गेली नाही. स्वयंपाकघरातून हाक मारली तरी म्हणायची, एक मिनिट, लाईनवर राहा. मी तिची धाकटी बहीण, तिच्याच घरात राहणारी आणि तोंडाने फटकळ. मी म्हणायचे, अगं बाई, मी हातभर अंतरावर उभी आहे, कसली लाईन घेऊन बसलीस!

घरात बसून कंटाळली तेव्हा तिने एका संस्थेत सोबतीचं काम धरलं. मनाचा आजार असलेल्या माणसाकडे आठवड्यातून एकदा जायचं, तासभर बसायचं, बस्स. फुकट. मी म्हटलं, घरचं झालं थोडं. तिने कानाआड केलं. संस्थेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं: त्यांना जे ऐकू येतं ते खोटं आहे असं म्हणू नका, आणि खरं आहे असंही म्हणू नका.

ताईच्या वाट्याला आल्या मास्तरीणबाई. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडाला होता. चाळीस वर्षांनी तो त्यांना हाका मारायला लागला. ये म्हणायचा. दोनदा त्या खरोखरच निघाल्या. दुसऱ्या वेळी पाणी कमरेच्या वर आलं होतं तेव्हा कुणीतरी ओढून काढलं. तिसऱ्या वेळी कुणी असेलच असं नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

एका गुरुवारी मास्तरीणबाई चहा अर्धा टाकून खिडकीशी गेल्या. म्हणाल्या, तो बोलावतोय, आज थांबायला तयार नाही. आणि ताईने जी चूक केली ती टेलिफोनवालीच करू जाणे. विचार न करता तोंडून निघून गेलं.

"त्याला माझ्याकडे द्या. मी होल्डवर ठेवते."

मास्तरीणबाई वळल्या. खुर्चीत येऊन बसल्या आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरल्या.

घरी येऊन ताईने मला सगळं सांगितलं. मग कपाटातून आपला जुना काळा फोन काढला. त्याचं कनेक्शन तोडून वर्षं झाली होती. तो टेबलावर ठेवला, रिसीव्हर उचलला आणि घडी घातलेल्या टॉवेलवर आडवा ठेवला. माझी हसून हसून मुरकुंडी वळली.

"हसू नकोस," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी."

आठ महिने तो रिसीव्हर तसाच होता. मास्तरीणबाईंना झोप लागायला लागली, रंगाची पेटी बाहेर आली. त्यांची वहिनी ताईला देव मानायला लागली. फक्त दर गुरुवारी ताईने उंबरठा ओलांडायच्या आत मास्तरीणबाई विचारायच्या, आहे ना? ताई म्हणायची, आहे. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या? त्या चुकायला लागल्या. तो ताईकडे आहे म्हटल्यावर गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब. ताईला हे कळत होतं. संस्थेत सांगते, पुढच्या आठवड्यात सांगते, असं करत राहिली. ताप असला तरी जायची. एकही गुरुवार चुकवायची तिची हिंमत नव्हती.

एका दुपारी मी पाहिलं तर ती टेबलाशी मान कलती करून बसलेली. काय ऐकतेस, विचारलं. म्हणाली, तो काही बोलत नाही गं, नुसता श्वास घेतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी घाबरले आणि घाबरले की मी भांडते. तू तिला बरं करायला गेलीस की तिचं दुखणं घरी आणायला, असं नको ते बोलून बसले. दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता कलंडली आणि गेली. ते बोलणं तसंच राहिलं.

चार दिवसांनी गुरुवार आला. मी संस्थेच्या बाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, डॉक्टरांना आणि घरच्यांना मी कळवते. तुम्ही जाणारच असाल तर खरं तेच सांगा.

मी गेले. मागच्या खोलीच्या दारात पाय ठेवायच्या आत आवाज आला, "आहे ना?"

ताई गेली, असं मी सांगितलं. मास्तरीणबाई रडल्या नाहीत. माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "मग त्याला आता कोणी धरलंय?"

मी, असं म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. ताई कशी घसरली असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि तिला बोलले त्याची लाज वाटली.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

मग पिशवीतून फोन काढला. रिसीव्हर तसाच बाजूला, टॉवेलसकट आणला होता. तो जागेवर ठेवायला माझा हात धजला नव्हता, आणि घरात एकटीने त्याच्यासोबत राहायची माझी छातीही नव्हती. हे सगळं त्यांना सांगितलं. खोटं कशाला बोलू?

मास्तरीणबाईंनी रिसीव्हर मांडीवर घेतला. वहिनी गोळी आणि पाणी घेऊन दारात कधीची उभी होती. त्यांनी हात पुढे केला, गोळी घेतली, पेला रिकामा केला. मग रिसीव्हर फोनवर ठेवून दिला.

त्यांनी मान कलती केली, अगदी ताईसारखी.

"आला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणतो?"

"ये म्हणतो." त्यांचा हात मी धरला. "तुम्ही किती वाजेपर्यंत आहात?"

मी पाचला निघणार होते. आहे मी, म्हटलं, आणि खिडकीला पाठ करून त्यांच्या समोर खुर्ची ओढली.