आंबोळीच्या वासाची बीअर

परवा वहिनीने आंबोळीच्या पिठावरचं झाकण काढलं आणि मी ओरडलो, "वहिनी, बेल्जियम!"

"भावोजी, नाटकं पुरे. तवा तापलाय."

पण त्या आंबट वासाने मला कधीच जर्मनीत, न्युरेम्बर्गला नेलं होतं, मंदीच्या त्या हिवाळ्यात. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं आणि त्याच्यासोबत व्हिसाही. अशात माझा साहेब डीटर याने मला घरी बोलावून, वर्षानुवर्षं तळघरात जपलेली बेल्जियन बीअरची बाटली उघडली. एवढी भारी बाटली उघडतोय म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढलंच, असं मी धरून चाललो.

मग काय, आपली नक्कल सुरू! त्याने ग्लास उजेडात धरला, मीही धरला. त्याने नाक आत घातलं, मीही घातलं. त्याने डोळे मिटून "हम्म" केलं, मीही त्याच्याच सुरात "हम्म." घोट इतका आंबट, की दात शिवशिवले.

"कशी वाटली?" त्याने विचारलं.

आता नक्कल कुणाची करणार? खरं तेच तोंडातून निघालं, "आईच्या आंबोळीच्या पिठासारखी."

तो हसला नाही. "आल्झो... तर मग, आई खूश होईल. प्रोजेक्ट बंद झालंय. ही बाटली तुझ्या निरोपाची."

आणि त्याने ग्लास पुन्हा उजेडात धरला. सवयीने मीही धरला. तेव्हा वाटलं, हा अजून बीअरचा रंगच बघतोय. आता कळतं, त्याला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.