धाकूच्या गाडीचं इंजिन

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणाच्या ट्रॉलरचं इंजिन रुसलं की धाकूला बोलावणं जायचं. कोपरापर्यंत हात काळे करून तो इंजिन चालू करूनच डेकवर यायचा. त्याची स्वतःची गाडी मात्र अगदी साधी. कंपनीचं सगळ्यात लहान पेट्रोल इंजिन, चढ लागला की धापा टाकणारं. बायको मथुरा मासळी विकायची. ती म्हणायची, "लोकांच्या होड्या पळवता, आन आपली गाडी ढकलायची पाळी."

त्याच गाडीतून कोल्हापूरला नेताना आंबा घाटात मथुरा गेली. छातीत दुखत होतं; इथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता पुढे हलवायला सांगितलं होतं. घाटात पुढे मालट्रकांची रांग. धाकू गाडी बाहेर काढायचा, पाय दाबायचा, पण गाडी ओढायचीच नाही. पुन्हा ट्रकमागे यायचा. मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन मुलगी सानिका बसली होती. घाटमाथ्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता सावकाश चालवा."

भेटायला आलेल्या प्रत्येकाला धाकू सांगायचा, "इंजिनान घात केला." लोक मान हलवायचे. सानिका आत चहा ठेवायला उठायची.

पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्याला लागल्या आणि धाकूने मिरजोळ्याला रूपेशच्या गॅरेजात गाडी नेऊन लावली. रूपेश त्याचा जुना दोस्त. धाकूने त्याच कंपनीच्या एका अपघातग्रस्त गाडीचं जास्त ताकदीचं टर्बो इंजिन कोल्हापूरच्या भंगारबाजारातून आणलं होतं, गिअरबॉक्स आणि वायरिंगसकट.

"धाकू, नवीन गाडी घे," रूपेश म्हणाला. "ह्यात कागदपत्रांची भानगड हाय. इंजिन नंबर आरटीओत चढवायला लागंल."

"हीच गाडी वर चढली पायजे," धाकू म्हणाला.

पावसाळा त्यात गेला. इंजिनाचे पाये जुळेनात, ते कापून नव्याने वेल्ड केले. मोठा रेडिएटर बसवायला पुढची पट्टी तासली. सगळं बसलं तर नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर गाडीची चावी ओळखेना. धाकू जेवायलासुद्धा घरी जात नसे. सानिका डबा पाठवायची, तो बऱ्याचदा तसाच परत यायचा. घरात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक बॉनेटखाली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर गाडी तयार झाली. धाकूने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला.

"चल बाय, घाटापर्यंत जाऊन येऊ."

सानिका नको म्हणत होती. मग शेजारी येऊन बसली.

साखरपा मागे पडलं, चढ लागला. पुढे ट्रक होता. धाकूने गिअर पाडला, पाय दाबला. बारीक शिट्टीसारखा आवाज झाला आणि ट्रक मागे राहिला. मग दुसरा, मग तिसरा. मथुरेला घेऊन जिथे तो ट्रकमागे अडकला होता ती वळणं कधी आली आणि गेली, कळलंच नाही. घाटमाथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघितलास? हे इंजिन तवा असता तर तुझी आई वाचली असती."

सानिका समोर दरीकडे बघत होती.

"बाबा, आई सकाळपासून विव्हळत होती."

धाकूने इंजिन बंद केलं.

"मी फोन केला तेव्हा तुम्ही होडीवर होता. म्हणालात, पित्त असंल, सोडा दे, एवढा काम उरकून येतंय. दुपार कलली तेव्हा आलात. गाडी दारात होती, चावी तुमच्या खिशात."

"मला काय ठाव होता गो..."

"नव्हता. मी पण शेजारच्या कुणाला हाक मारली नाही. सोडा देत बसले." तिचा आवाज चढला नाही. "पण मी इंजिनाला दोष देत नाही."

ती उतरली. मलकापूरहून घराच्या दिशेने उतरणाऱ्या एसटीला तिने हात केला. धाकू स्टिअरिंग धरून बसून राहिला. एसटी वळणाआड गेली, तरी त्याला गाडी सुरू करावीशी वाटेना.

जुनं इंजिन परत बसवावं असं त्याच्या मनात आलं होतं. रूपेशने ते केव्हाच विकून टाकलं होतं. आरटीओचे कागद तसेच राहिले, त्यामुळे गाडी शहराबाहेर काढायची सोय नाही. धाकू ती घरापासून जेटीपर्यंत नेतो आणि आणतो. त्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या वर जायला जागा नाही.

सानिकाने दिवाळीनंतर कोल्हापूरला एका लॅबमध्ये नोकरी धरली. सणाला येते, एसटीने. स्टँडवरून घरी रिक्षाने. स्वयंपाक करते, बापाचे कपडे धुते, विचारलं तेवढंच बोलते.

"पोर रुसलीय," धाकू रूपेशला सांगतो. "येईल ताळ्यावर."

रूपेश हो म्हणतो. हा रुसवा नव्हे, हे धाकूला ठाऊक आहे. रुसलेलं माणूस कधीतरी भांडतं तरी.