कोपराला धरून

लोकांचे कपडे सैल करणं, आखूड करणं आणि ते करताना त्यांच्याबद्दल काहीच न बोलता सगळं बोलून टाकणं, हा माझ्या मावशीचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. "मी काही बोलत नाही, पण" हे तिचं पेटंट वाक्य. "मी काही बोलत नाही, पण तुमची कंबर मागच्या वेळेपेक्षा सुटलीये." तोंडात टाचण्या धरून बोलत असल्यामुळे तिचा स शिट्टीसारखा येतो. मला तो टाचण्यांशिवाय काढता येतो.

तिचा मुलगा गप्पू. माझ्यापेक्षा मोठा, मिशी फुटलेला, दारातून येताना वाकावं लागेल इतका उंच, आणि जन्मापासून एक शब्दही न बोललेला. मशीन सुरू झालं की तो फळीवर तळहात टेकून उभा राहतो आणि हुंकारतो. मशीन थांबलं की तोही थांबतो. यापलीकडे त्याला काय कळतं आणि काय नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग मावशीने कापडाची पाटी शिवली. जुन्या कोटाच्या अस्तरावर चिंध्यांमधून कापलेली अक्षरं, खालच्या ओळीत काने, मात्रा, वेलांट्या. पाटी टेबलावर पसरायची, गप्पूला खुर्चीत बसवायचं, त्याचं उजवं कोपर खालून अलगद धरायचं, की त्याचं बोट अक्षरांवरून फिरू लागायचं.

"मी नुसता आधार देते," मावशी म्हणायची. "हात त्याचाच."

पहिलं वाक्य आलं, "आई, तू दमतेस." मावशी रडली, माझी आई रडली, कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईकही रडलं आणि कपडे न घेताच गेलं. दुसरं वाक्य आलं तेव्हा मी तिथे होते. "मी काही बोलत नाही, पण बाबांनी घोरणं कमी करावं."

ज्याने जन्मात तोंड उघडलं नाही तो सांगतोय, मी काही बोलत नाही. मला हसू आवरेना. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मावशीला वाटलं, मलाही गहिवरून आलंय.

गप्पू पुढे बरंच बोलला. शेजारच्यांचा संसार उसवत चाललाय, बाबांच्या स्वभावाला अस्तर नाही, असलं काहीबाही. तेही खिडकीतल्या कबुतराकडे बघत. बोट पाटीवर आणि डोळे कबुतरावर. "तो डोळ्यांच्या कडेने बघतो," मावशी म्हणाली. मी घरी दोघांच्या नकला बसवायला घेतल्या आणि एकाच नकलेत दोघं उरकले.

काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, हे सोसवेना. ते सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. त्यांचं प्रत्येक बोलणं "विषय संपला" असं संपतं, आणि विषय कधीच संपत नाही. गप्पूला आंघोळ घालणं त्यांच्याकडे. ओल्या फरशीवर तेवढा मोठा देह धरून धरून त्यांची कंबर कामातून गेली होती. गावाबाहेरच्या एका संस्थेत अशा मुलांना ठेवून घेतात, तिथे जागा निघाली होती. पण आईबाप दोघं राजी असतील तरच घेतात.

"माझी ना नाही," मावशी म्हणायची. "तो हो म्हणू दे, मी अडवणार नाही." आणि कोपर धरायची. पाटी म्हणायची, "मला आईपासून लांब जायचं नाही."

"बघा," मावशी म्हणायची.

म्हणून काकांनी पुरावाकाकांना आणलं. हे वरच्या मजल्यावरचे, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुणी "आज उकडतंय" म्हटलं तरी "पुरावा काय?" विचारतात, म्हणून हे नाव. त्यांनी चित्रांचे पत्ते बनवले आणि आई नि मुलगा यांच्यामध्ये पुठ्ठा उभा केला. गप्पूला होडी दाखवली, मावशीला कात्री. पुठ्ठा काढला. मावशीने कोपर धरलं. पाटीवर आलं, कात्री. गप्पूला घोडा, मावशीला दिवा. पाटीवर दिवा. गप्पूला केळं, मावशीला खुर्ची. खुर्ची. पुरावाकाका पत्ते उलटून ठेवत होते आणि प्रत्येक पत्त्यागणिक मावशीची मान थोडी थोडी खाली जात होती. मी पुढे सरकून बसले. असं फुकट बघायला मिळत नाही.

"समजलं ना?" पुरावाकाका म्हणाले. तेवढे ते सभ्य.

मावशीने मांडीवरचे दोरे झटकले. मग तिने मान वर केली, आणि चेहरा हा असा उजळलेला.

"म्हणजे तो माझ्या मनातलं वाचतो."

पुरावाकाकांचा चष्मा घसरला. "अहो बाई, मनातलं वाचतो तर समोरचं चित्र का वाचता येत नाही?"

"चित्र काय त्याची आई आहे?"

"बरं. मग माझ्या मनातलं वाचू दे."

"तुमच्या मनात वाचण्यासारखं असायला हवं ना काही."

"बाई, विज्ञान असं चालत नाही."

"तुमच्या विज्ञानाला सगळं कळलंय का?"

"नाही कळलेलं. माझ्या कपाटात काय आहे ते तुम्हालाही माहीत नाही. म्हणून त्यात हत्ती आहे असं होतं का?"

"हत्ती नसेल," मावशी म्हणाली, "पण रिकामं तरी नसेलच ना?"

"तुम्हाला कोपरापासून नमस्कार," म्हणत पुरावाकाका उठले. ते चालते झाल्यावर काका भिंतीकडे बघत बसले. गेले होते भूत उतरवायला आणि बसवून आले.

त्यानंतर दुकानाला बरकत आली. बाह्या आखूड करायला आलेल्या बायका हळूच विचारायच्या, आमची किल्ली कुठे हरवली असेल? गप्पू सांगायचा. किल्ली सापडली तर गप्पूने सांगितली, नाही सापडली तर बाईच्या मनात संशय होता. "माया हवी," मावशी प्रत्येकीला सांगायची. "माया असली की कुणाच्याही हातात बोलेल तो. कुणीही धरा." पण धरायला कधी कुणाला दिलं नाही.

मग एका दुपारी संस्थेच्या बाई गप्पूला बघायला आल्या. पुरावाकाकाही होते, मी नि आई होतो, दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मावशीने पाटी पसरली.

"थांब," काका म्हणाले. "आज मी धरतो."

"तुम्ही?"

"माया असली की कुणाच्याही हातात बोलतो, हे तूच सांगतेस ना? का माझी माया मापात बसत नाही?"

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी खुर्चीवरून उठली.

काकांनी आपला राठ पंजा त्या कोपराखाली घातला. बोट हललं. मावशीच्या हातात चालायचं त्यापेक्षा भरभर चाललं. संस्थेच्या बाई मोठ्याने अक्षरं जुळवत होत्या. "मला तिथे जायचं आहे." बोट थांबलं, पुन्हा निघालं. "आईचा हात नको. विषय संपला."

एका गिऱ्हाइकाला हसू फुटलं. त्याने खोकून घेतलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "शपथ सांगतो, मी नाही ढकललं. आपोआप गेला हात."

"आपोआपच जातो," पुरावाकाका उठून म्हणाले. "तुमच्या बायकोचाही तसाच जायचा. खोटं कुणीच बोलत नाहीये, हाच तर घोळ आहे." मग ते मावशीकडे वळले. "बाई, आता तरी ऐका. धरणाराच बोलतो, एवढंच म्हणा. हे तुमच्या नवऱ्याचे शब्द आहेत, मुलाचे नाहीत. एवढं म्हणालात की मुलगा घरात राहिला."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवरच्या छोट्या गादीला टोचल्या. एक, मग दुसरी. तिला फक्त म्हणायचं होतं की काकांनी ढकललं. आणि काकांनी ढकललं, तर "आई, तू दमतेस" कुणी ढकललं होतं? खोलीतल्या सगळ्यांना हे दिसत होतं, कबुतराकडे बघणारा गप्पू सोडून. माझी आई म्हणाली, "ताई, म्हण गं."

"तो बोललाय," मावशी म्हणाली. "माझ्या हातात बोलला तो खरा नि बापाच्या हातात खोटा, असं कसं? घेऊन जा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी जवळून पाहिलं. पुरावाकाका मटकन बसले. जन्मभर लोकांना खरं सांगून कुणाचं भलं झालं नव्हतं, आणि आज होणार होतं तेही हुकलं.

गप्पू गेला. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाईंचा फोन आला, तो काकांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर घेतला. गप्पू जेवतो, झोपतो, त्रास नाही. "फक्त एक आहे. शेजारी कुणीही बसलं की त्याचा हात ओढून आपल्या कोपराखाली ठेवतो. आम्ही सोडवून घेतो."

"सवय आहे, जाईल," काका म्हणाले. "विषय संपला."

"मला सांगतो ना तो," मावशी म्हणाली. "आता पाटीसुद्धा लागत नाही. आज पोटभर जेवला म्हणाला." तिला भेटायला जाता आलं असतं, पण आईचा हात नको हेही तोच म्हणाला होता. पाटीची तिने घडी घालून मशीनवर टाकायचं कापड केलंय.

परवा मी शाळेच्या स्कर्टची पट्टी सोडवून घ्यायला गेले. मला स्टुलावर उभं करून मावशी खाली टाचण्या लावत होती.

"तू सगळ्यांचे आवाज काढतेस म्हणे," टाचण्यांमधून ती म्हणाली. "आमच्या गप्पूचा काढ बघू."

मी घसा साफ केला. नक्कल बसलेलीच होती. "मी काही बोलत नाही, पण आई, तू दमतेस."

मावशीने मान तिरकी केली, पट्टी सरळ आली का बघताना करते तशी.

"स जरा जास्त झाला," ती म्हणाली. "बाकी अगदी तोच."