धीर दिला : दोन गुण

"काकू, आप बिल्कुल चिंता मत कीजिए. काका ठीक हो जाएँगे," डॉ. राघवेंद्र म्हणाला, आणि मी माझ्या फॉर्मवर 'धीर दिला' या ओळीसमोर दोन गुण लिहिले.

ग्वाल्हेरच्या एका मोठ्या इस्पितळातली कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचे पेशंट आधी जिथे येतात तो विभाग. सकाळचे साडेअकरा. मी इथला फिजिशियन, बावीस वर्षं झाली. निवृत्ती तोंडावर आल्यावर मला संशोधनाची हुक्की आली. विषय होता, घाईगर्दीत डॉक्टर नातेवाइकांशी कसं बोलतात. त्यात बघायची होती एम्पथी. समोरच्याची घालमेल आपल्याला कळते आहे, हे त्याला जाणवणं. ते मोजायला मी फॉर्म केला. नाव विचारलं का, बसायला सांगितलं का, बोलणं मध्येच तोडलं का, धीर दिला का. फॉर्म भरणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. उपचारात चूक दिसली तरच. एरवी बोललं तर ती केस बाद. नियम माझाच.

बेडवर कदमकाका होते. बँकेतून रिटायर झालेले, नई सडकेच्या मागे राहणारे. हार्ट अटॅक मोठा होता. उपचार सगळे चालू होते, पण बीपी औषधांनीही धरत नव्हतं. राघवेंद्रने थोड्याच वेळापूर्वी त्यांच्या पुतण्याला, नितीनला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "बचना मुश्किल है."

नितीनने हात जोडले. "काकू को कुछ मत बताइए, डॉक्टर साहब. सह नहीं पाएँगी."

आपल्याकडे ही रीतच आहे. खरं काय ते पुरुषमाणसाला सांगायचं, सह्या त्याच्या घ्यायच्या आणि बायकोला 'ठीक होतील' म्हणायचं. माझ्या संशोधनाच्या परवानगीवरही सही नितीनचीच होती.

राघवेंद्रच्या त्या शब्दांनी काकूंना बरं वाटलं. त्यांनी डोळे पुसले, माझ्या कोटावरचं आडनाव वाचलं आणि एकदम मराठीवर आल्या.

"तुम्ही तर आपल्यातलेच! बघा ना डॉक्टर, यांचं ऐकायचं मशीन घाईत घरीच सुटून गेलं. कोणी काही बोललं की चिडतात. मी घेऊन येऊ का? तासभर लागेल. जाऊ ना?"

राघवेंद्रने माझ्याकडे पाहिलं. नितीननेही पाहिलं. "काकू, आत्ता जाऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. नियम होता, हे एक. पण बोललो असतो तर त्यांनी 'का' विचारलं असतं. सकाळपासून दोन घरांतल्या पुरुषांना त्या 'का'चं उत्तर देऊन झालं होतं. तिसऱ्यांदा द्यायचं त्राण नव्हतं.

मी नुसती मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही. त्यांनी हो धरलं आणि गेल्या.

त्यानंतर काकांनी दोनदा विचारलं, "सुमन कुठंय?" नितीन कानाशी ओरडून सांगत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं. ते दाराकडे बघत राहिले. सव्वाबाराच्या सुमारास हृदय थांबलं. मी फॉर्म टाकून छातीच्या पंपिंगला हात लावला. उपयोग झाला नाही.

काकू महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीत अडकल्या होत्या. घामाघूम होऊन आल्या. या वेळी मीच पुढे झालो.

"काकू, काका गेले."

त्या बाकावर बसल्या. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"मी काही गोंधळ घातला नसता हो. नुसती बसले असते त्यांच्याजवळ."

नितीन पुढे झाला. "काकू, आपकी तबियत..."

"माझ्या तब्येतीला काही झालेलं नाही, नितीन," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मला शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी बेरीज केली. राघवेंद्रला पूर्ण गुण होते. त्याचा दोष नव्हता. मी जे मोजत होतो, ते त्याने नीट केलं होतं.

संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना, हे बघायला एथिक्स कमिटी असते. तिला मी सगळं लिहून कळवलं आणि काम थांबवतो म्हटलं. अध्यक्षांनी बोलावलं.

"इलाज में तो कोई चूक नहीं हुई. यह एक केस निकाल दीजिए, बाक़ी रखिए."

"सर, मेरा फॉर्म झूठ पर नंबर देता है. बाक़ी सब पर भी दिए होंगे."

कित्येक महिन्यांची मेहनत कपाटात गेली. नवा फॉर्म केला. त्यात पहिली ओळ आहे, 'खरं सांगितलं का?' सगळ्यांचे गुण घसरलेत.

मी आता सांगतो. नातेवाईक हात जोडतात, तरी सांगतो. पाच मिनिटं लागतात. बायका रडतात, मग स्टूल ओढून बेडजवळ बसतात. सांगताना जीव अर्धा होतो, तो माझा. बावीस वर्षं मी तेवढाच वाचवत होतो.