बोट पेट्रोल फार खाते

पावसाळा सरता सरता माझी नेमणूक मोखाड्याच्या पुढे, डोंगरात धरण बांधून अडवलेल्या पाण्यावर झाली. काम बोट चालवण्याचं. माझं गाव समुद्रकाठचं, होड्यांची इंजिनं लहानपणापासून हाताखालून गेलेली, म्हणून मला पाठवलं असावं. बायको गावाकडच्या शाळेत शिकवायची. तिची बदली होईना, माझी टळेना. मुलगी तिच्याजवळ. बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जाऊन एसटीडी बूथवरून फोन करायचो. मुलगी विचारायची, "बाबा, कधी येणार?" आणि उत्तर न ऐकताच फोन आईच्या हातात द्यायची.

बोट जेट होती. तिला मागे उघडा पंखा नव्हता. तळाच्या जाळीतून ती पाणी ओढून घ्यायची आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायची, त्या रेट्यानं पुढे जायची. पाण्याखाली गेलेल्या झाडांच्या खुंटांवर आधीच्या बोटीचे पंखे तुटत, म्हणून ही आणलेली. रोज दुपारी पाण्याच्या वरच्या टोकाला जायचं, पट्टीवरची पातळी लिहायची, दोन बाटल्या नमुना भरायचा आणि परत यायचं. एवढंच काम. कॉलनीत सहा खोल्या, पैकी पाचांना कुलपं. वॉचमन होता, पण तो धरणाच्या भिंतीच्या पलीकडच्या टोकाला बसे. कित्येक दिवस असे गेले की स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मी तांदूळ निवडताना मोठ्यानं बोलायचो.

हिवाळ्यात पेट्रोल पुरेना. जो कॅन आठवडाभर जायचा, तो पाचव्या दिवशी तळाला लागू लागला. महिन्याच्या फेरीला आलेले साहेब जीपमधून उतरता उतरता म्हणाले, "बोट पिते की आणखी कोणी पितं?"

बरोबरचे हसले. मी हसलो नाही. चोरीचा आळ तोंडावर कुणी घेतला नव्हता, पण तो वाऱ्यावर सोडला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बोटीच्या मागे लागलो. प्लग काढले; काळे झाले होते, घासले, बदलले. एअर फिल्टर झटकला. कार्ब्युरेटर खोलून धुतला. मग पाण्यात उतरून जाळी चाचपली, तर तिच्यात शेवाळाच्या दोऱ्या आणि गोणपाटाचा तुकडा अडकलेला. इंजिन जोर लावत होतं आणि पाणी पुरतं येत नव्हतं. तो तुकडा हातात आला तेव्हा मला वाटलं, सापडलं! खरोखर फरक पडला. कॅन सहाव्या दिवसापर्यंत गेला. पण आठवडा काही पुरेना.

मग वर्कशॉपमधून मिस्त्री आले. पिकलेल्या केसांचे, कमी बोलणारे. दोन दिवस माझ्या खोलीवर राहिले. मला इतका आनंद झाला की पहिल्या संध्याकाळी मी त्यांना तीनदा चहा पाजला. आम्ही बोट काठावर ओढली, आतला पंखा काढला. बारीक खड्यांनी त्याच्या कडा खाल्ल्या होत्या आणि भोवतीच्या कड्यात नको तेवढी फट पडली होती. मिस्त्रींनी कडा घासून नीट केल्या, कडं नवं बसवलं.

सकाळी त्यांनी टाकीची नळी काढून मापाच्या छोट्या कॅनमध्ये सोडली. धरणाच्या मनोऱ्यापासून वरच्या पट्टीपर्यंत आम्ही सरळ गेलो आणि सरळ आलो. त्यांनी कॅन उन्हात धरून पाहिला.

"बोट ठणठणीत आहे. नवी होती तेव्हा एवढंच प्यायची."

"मग रोजचं पेट्रोल जातं कुठं?"

"दुपारी तुझ्या रोजच्या फेरीला येतो. मी नाही असं समजून चालव."

दुपारी निघालो. पट्टी वाचली, बाटल्या भरल्या, परत फिरलो. मिस्त्री मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. निम्म्या वाटेत त्यांनी विचारलं, "डावीकडे का वळलास?"

मी वळलो होतो हे त्यांनी विचारल्यावर मला कळलं.

डाव्या हाताला पाण्यात शिरलेला एक उंचवटा होता. त्यावर एकच घर. नागलीची, म्हणजे आमच्याकडच्या नाचणीची, शेतं, कुडाच्या भिंती, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. तिथली म्हातारी, तिची सून आणि नातवंडं त्या वेळी पाण्यावर असायची. थंडी सुरू होताना कधीतरी पहिल्यांदा त्यांनी हात केला होता. मी बोट हळू केली होती. मग रोज काठाकाठानं जायचो, सगळ्या वळणावळणानं, कारण सरळ गेलं तर ते लांबून दिसत. इंजिन मंद केलं की म्हातारीचं ऐकू येई, "आज उशीर झाला रं दादा!" मी म्हणायचो, "झाला खरा." तेवढंच. मग पुन्हा जोर देऊन निघायचो.

त्या दिवशीही त्यांनी हात केले. मिस्त्रींनीही केला. घर मागे पडल्यावर ते म्हणाले, "जाताना अर्धा तास आणि येताना पाऊण. शिवाय इथं थांबणं, पुन्हा वेग उचलणं. जेट बोट हळू चालली की फार पिते, तुला माहीत आहे."

"माहीत आहे." मी बोट सरळ वाटेला लावली. "मी चोरलं नाही, मिस्त्री."

"ते मला पहिल्या चहालाच कळलं."

त्यांनी अहवालात जाळी आणि कडं लिहिलं, बाकी काही लिहिलं नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बदलीचा अर्ज कर. रोज कर."

मी सरळ जाऊ लागलो. कॅन आठवडा पुरू लागला. साहेब खूश झाले. लांबून डाव्या बाजूला माणसांचे ठिपके दिसायचे, हात हलत होते की नाही ते कळायचं नाही. मी पुढेच बघायचो.

महिन्याभरानं मोखाड्याच्या बाजारात म्हातारी भेटली, डोक्यावर मिठाची पिशवी.

"दादा, बोट मोडली का रं?"

"नाही आजी, नीट झाली."

"नीट झाली तं मंग येत का नाय?"

मी म्हटलं, "रविवारी येतो. चालत."

रविवारी पट्टी सकाळीच वाचून घेतली आणि निघालो. काठाकाठानं तीन तास लागले. त्यांनी घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला, गरम भाकरी दिली. पोरं दाराआडून बघत राहिली. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत, मला निम्मं कळे. बोटीवरून दोन वाक्यं बोलताना आम्ही जितके जवळचे होतो, तितके अंगणात समोरासमोर बसून राहिलो नाही. सुनेनं विचारलं, "घरी कोण असतं?" मी बायको आणि मुलगी सांगितली. मुलीचं वय सांगताना अडखळलो. मध्ये तिचा वाढदिवस होऊन गेला होता.

म्हातारीनं उठून शिंक्यातल्या मडक्यातून मूठभर नागलीचे दाणे फडक्यात बांधले. "पोरीला भाकर करून घाल," म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी खोलीकडे न वळता फाट्यावर प्रवासी जीप पकडली आणि मोखाड्याला गेलो. बूथ बंद व्हायला अजून वेळ होता. मुलीनं विचारलं, "बाबा, कधी येणार?" मी घाईनं म्हटलं, "थांब, फोन देऊ नकोस. उद्या निघतोय."

रजेच्या अर्जाविनाच निघालो होतो. त्याचा मेमो नंतर मिळाला.