निळ्याचं मी लाल केलं

हे गाव बघायला लोक लांबून येतात. चौकात उभं राहून त्या मातीच्या चर्चचे फोटो काढतात. तीनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी बांधलंय म्हणे. मला तर आल्या दिवशी वाटलं, एवढा विमानाचा प्रवास करून परत मातीच्या घरांतच आणून टाकलं का मला. दारादारांवर लाल मिरच्यांच्या माळा, आणि वारा सुटला की डोळ्यांत माती. यांना इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीला घेतलं म्हणून आम्ही इथं, न्यू मेक्सिकोत. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझ्या आत्याच्या मुलाला. आत्यानं भावाला शब्द दिला होता, म्हणून इंजिनियर झालेल्या मुलाच्या गळ्यात नववी झालेली मी पडले. हे तोंडानं कधी बोलले नाहीत, पण इथं कुठल्या मराठी घरी जेवायला गेलो आणि कुणी विचारलं, "वहिनींचं शिक्षण?" की हे पटकन पाणी मागायचे.

म्हणून मी क्लासला नाव घातलं. विद्यार्थ्यांच्या बायकांसाठी चर्चच्या मागच्या खोलीत सकाळचा क्लास होता, मंगळवार आणि गुरुवार, दोन वर्षं केलं की इथली शाळेची परीक्षा देता येते. पोर तेव्हा दहा महिन्यांची. तिला ठेवायचं कुठं? आमच्या क्वार्टर्स म्हणजे लग्न झालेल्या विद्यार्थ्यांची बैठी चाळच, तिथं पाच आयांनी मिळून एक खोली चालवली होती. प्रत्येकीनं आठवड्यात एक सकाळ सगळ्यांची पोरं सांभाळायची. माझी बुधवारी. खिळ्याला एक रजिस्टर अडकवलेलं, त्यात पोरानं काय खाल्लं, किती झोपलं, ते लिहायचं, आणि अंगावर काही लागलेलं दिसलं तर आईला विचारून तेही लिहायचं. हा शेवटचा नियम मंगळवारवालीनं काढलेला. तिचा नवरा यांच्याच लॅबमध्ये. उंच बाई, कायम दात दिसतील असं हसायची. पहिल्याच दिवशी माझ्या पोरीच्या गालावरची काजळाची तीट तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढली आणि मला म्हणाली, "घाण लागली होती." मी घरी येऊन परत लावली, दुप्पट मोठी.

पोरीच्या कमरेवर आणि ढुंगणावर निळे डाग होते, जन्मापासूनचे. आमच्याकडं किती पोरांना असतात. आत्या म्हणायची, "सटवाईनं चापट मारून खाली पाठवलंय हिला, यायला तयारच नव्हती." मला कधी त्यांचा विचारसुद्धा आला नव्हता.

एका मंगळवारी मी क्लासहून पळत आले, दम लागलेला, छातीशी पुस्तक, तर मंगळवारवाली पोरीचा लंगोट सोडून उभी.

"हे काय आहे?"

मला घाबरलं की हसू येतं. लहानपणापासूनचं आहे. मास्तरांनी छडी उगारली तरी यायचं, म्हणून मला दोन जास्त बसायच्या. मी हसले. तिनं परत विचारलं. इंग्रजीत जन्माचा डाग कसा सांगायचा ते मला येत नव्हतं, मी अजून हसले. तिनं रजिस्टर काढलं आणि लिहिलं, आणि क्लासमुळं तेवढं वाचायला मला यायला लागलं होतं: कंबर, निळं. आईला विचारलं. आई हसली.

गुरुवारी दाराला कागद. मुलांची काळजी घेणाऱ्या सरकारी ऑफिसातून शुक्रवारी दहा वाजता बाई येणार, मुलीला बघायला. यांनी तो कागद तीनदा वाचला.

"तू हसलीस?"

"घाबरले."

"घाबरल्यावर माणूस रडतं. हसतं कोण?"

"अहो, पोरीला नेतील का हो?"

"नेतात इथं. तिचा नवरा लॅबमध्ये माझ्या शेजारी बसतो, कळतंय का तुला? उद्या सगळ्या लॅबला कळेल."

पोरीला नेतील म्हणतेय मी, आणि यांना लॅब. त्या दिवशीचं हे मी अजून यांना माफ केलेलं नाही.

मग यांनी काकूंना फोन लावला. दोन तासांवरच्या मोठ्या शहरात काका डॉक्टर आहेत, इकडच्या मराठी लोकांचं सगळं काकूंना विचारून चालतं. फोनमधून त्यांचा आवाज मला मोरीपर्यंत ऐकू येत होता.

"हे बघ, डॉक्टरांना यात ओढू नका हं. वीस वर्षं आम्ही इथं नाव कमावलंय. आणि तिला सांग, तो क्लास कॅन्सल कर म्हणावं. दहा महिन्यांचं मूल टाकून कसली शाळा या वयात?"

"हो काकू," हे म्हणाले.

मी एकवीस वर्षांची होते. काकांनी एका कागदावर एक ओळ खरडून दिली असती तर तिथंच मिटलं असतं. तेव्हा आम्हाला तेही सुचलं नाही, आणि ज्यांना सुचायला हवं होतं त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी जे केलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच. आमच्याकडं बाळाला डाळीचं पीठ लावून चोळतात, लव जाते, रंग उजळतो. मग डाग का जाणार नाही? बाई यायच्या आत निळं दिसायला नको, एवढंच डोक्यात. आधी साय घालून चोळलं. मग कोरडं चोळलं. पोर किंचाळायला लागली. बाहेरून हे म्हणाले, "तिचं तोंड बंद कर, भिंती पातळ आहेत," आणि खिडकी लावून घेतली. मी चोळतच राहिले. निळं जागचं हललं नाही, आणि त्याच्या भोवती, त्याच्यावर, सगळं लालभडक झालं, एका ठिकाणी तर ओलं झालं. मग मी त्यावर पावडर थापली. त्यानं आणखी आग झाली असणार, कारण पोरीचा आवाजच बंद झाला, नुसतं तोंड उघडं.

बाई दहाला आली. ठेंगणी, जाड वेणी, आमच्यासारखीच सावळी, याच गावातली, पिढ्यानपिढ्यांची. आमच्या बाजारात भाजी घेऊन बसली असती तरी शोभली असती. तिनं हात धुतले, लंगोट सोडला, ओल्या कापसानं पावडर पुसली. निळ्यावर बोट ठेवलं.

"हे जन्माचं आहे. माझ्या तिघांनाही होतं. या गावात निम्म्या पोरांना असतं, शाळेत जाईपर्यंत जातं."

"तेच, बर्थमार्क, तेच तर," हे लगेच म्हणाले, जसं काही आठवडाभर तेच सांगत होते.

"आणि हे?" तिनं लालवर बोट नेलं. टेकवलं नाही, नुसतं वर धरलं.

"रॅश आहे," हे म्हणाले.

ती यांच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती. मला हसू यायला लागलं. मी खालचा ओठ दातांत धरला, इतका की तोंडात रक्ताची चव आली.

"मी," म्हटलं. "मी केलं." आणि आत जाऊन पिठाची वाटी आणून तिच्यापुढं ठेवली.

तिनं चिमूटभर पीठ घेतलं, स्वतःच्या मनगटावर जोरानं चोळून बघितलं.

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

मला वाटलं आता ती जवळ घेईल, गालावर हात फिरवेल. तसलं काही केलं नाही. म्हणाली, "निळं तुझं नाही. हे तुझं आहे. हे मला लिहावं लागेल. पुढच्या शुक्रवारी येते. नवीन काही दिसलं तर मुलगी काही दिवस दुसऱ्यांकडं राहील." आणि खरंच लिहिलं, माझ्यासमोर, सावकाश.

ते आठ दिवस मी पोरीला खाली ठेवलं नाही. खोबरेल तेल, नुसतं खोबरेल तेल, आणि लंगोट नाही, माझ्या साड्या ओल्या झाल्या तर झाल्या. तिनं टेबलाला डोकं आपटू नये म्हणून टेबल भिंतीकडं उलटं करून ठेवलं. नखं तीनदा कापली, ती स्वतःला ओरबाडेल म्हणून. डास दिसला तरी माझा जीव जायचा. हे म्हणाले, "क्लासला जायचं नाही." मी मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवस गेले, पोर पदरानं पाठीशी बांधून, भर चौकातून, फोटो काढणाऱ्यांनी आमचाही फोटो काढला. त्या खोलीत पोर देणं शक्यच नव्हतं. यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत म्हटलं.

शुक्रवारी बाई आली. लाल गेलं होतं, निळं होतं तिथंच होतं. तिनं फाइल मिटली. दारात वळून म्हणाली, "पीठ स्वयंपाकाला वापर."

दार लावलं आणि मी हसले, मग रडले, मग पोरीला दूध पाजलं.

मंगळवारवाली मला कपडे धुवायच्या खोलीत भेटली. डाग जन्माचेच होते हे तिला कळलं होतं. "मी कुठल्याही मुलासाठी हेच केलं असतं," म्हणाली, सगळे दात दाखवून. "नियम आहे." सॉरी नाही, काही नाही. मी मान हलवली.

बुधवारी माझी पाळी. ती तिच्या मुलीला सोडायला आली, दोन वर्षांची, फ्रॉक घातलेली. गुडघ्यावर ओरखडे, दोन, अंगणातल्या खडीत पडल्याचे, कुणालाही कळावं असे. मी तिच्या मुलीला उचललं, गुडघा उजेडात धरला.

"हे काय आहे?" मी विचारलं. इंग्रजीत. क्लासमध्ये शिकलेलं.

"अगं, पडली ती," म्हणत ती हसली.

मी रजिस्टर खिळ्यावरून काढलं आणि तिच्यासमोर लिहिलं, एकेक अक्षर लावून, मला वेळ लागतो: गुडघा, लाल, दोन. आईला विचारलं. आई हसली.

तिनं वाकून वाचलं. तिचे दात झाकले गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या मुलीकडं. ते बघणं मला ओळखीचं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या बुधवारी ऊन मी म्हणत होतं, सगळी पोरं उघडीनागडी. तिनं मुलीला फुल पँट घालून आणलं होतं.