गरुडांसाठी स्वच्छ घास

मे महिन्यात नूरहारेत बेटावर आल्गोत सुंदेलिनच्या माशांना धुरी द्यायच्या खोलीतून धूर निघायला लागला, की समोरच्या किनाऱ्यावरची माणसं हातातली कामं टाकून होड्या काढत. पहाटे जाळ्यातून सोडवलेला हेरिंग मासा दुपारपर्यंत आल्डरच्या लाकडाच्या धुरात सोनेरी व्हायचा. हातात घेतला की बोटांवरून तूप ओघळावं तसं तेल ओघळे. लोक धक्क्यावरच उभे राहून खात. आल्गोतची बायको मॅर्ता वर्तमानपत्रात मासे बांधता बांधता सगळ्या किनाऱ्याची खबरबात घेई. त्यांची एकुलती एक मुलगी सीव धक्क्याच्या फळीवर पाय सोडून बसायची आणि एका बैठकीत सहा मासे फस्त करायची. "ही पोर काटेसुद्धा मागं ठेवत नाही," असं आल्गोत येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगे. म्हातारपणीही त्याला तेच दिवस आठवत.

बेटाच्या उत्तर टोकाला एका वाकड्या पाइनवर समुद्री गरुडांचं घरटं होतं. आल्गोतच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. जुलैत पिल्लं ओरडायला लागली की कोळी वैतागत, कारण मोठे गरुड जाळ्यावरचे मासे उचलून नेत. पण सीव जन्मली त्या सुमारास पिल्लांचा आवाज बंद झाला. आल्गोतला ते जाणवलं होतं. पाखरांची चौकशी कोण करत बसणार, म्हणून तो कुणाजवळ बोलला नव्हता.

सहासष्ट सालच्या जूनमध्ये शाळेचे यालमार मास्तर त्याच्याकडे होडी मागायला आले. मास्तरांना पक्ष्यांचं वेड होतं. त्या काळी मास्तरांना कुणी अरेतुरे करत नसे.

"आल्गोत, एव्हाना पिल्लं घरट्याच्या काठावर यायला हवीत," मास्तर म्हणाले.

"येत नाहीत, मास्तर. दहा-बारा वर्षं झाली. जोडी म्हातारी झाली असेल."

"जोडी मध्ये दोनदा बदलली. माझ्या वहीत आहे ते."

मास्तरांचा गुडघा दुखत होता, म्हणून झाडावर आल्गोतच चढला. घरट्यात दोन अंडी होती, दोन्ही गार. त्यानं एक उचललं तर कवचात बोट रुतलं. दुसरं त्यानं मॅर्तानं विणलेल्या लोकरी टोपीत ठेवून जपून खाली आणलं. मास्तरांनी ते स्टॉकहोमला पाठवून दिलं.

उत्तर आलं ते ऑक्टोबरात. मास्तर सुंदेलिनांच्या स्वयंपाकघरात पत्र घेऊन बसले आणि त्यांनी ते सोप्या भाषेत सांगितलं. शेतात किडे मारायला फवारतात ते औषध आणि विजेच्या मोठ्या यंत्रांत भरतात ते तेल, दोन्ही त्या अंड्यात सापडली होती. ही द्रव्यं कुजत नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत जाऊन बसतात. समुद्रातल्या बारीक किड्यांतून हेरिंगमध्ये, हेरिंगमधून सीलमध्ये आणि गरुडात. दर पायरीला वाढत जातात.

आल्गोतनं पेला खाली ठेवला. "हेरिंग तर आम्हीही खातो, मास्तर. गरुडापेक्षा जास्तच खात असू. मग आम्ही?"

मास्तर पत्राची घडी घालत राहिले. "त्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"कॉफी घ्या, गार होतेय," मॅर्ता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आल्गोतनं नेहमीसारखं जाळं टाकलं.

काही वर्षांनी सरकारनं त्या औषधावर आणि त्या तेलावर बंदी घातली. पण समुद्रात जे जायचं ते जाऊन बसलं होतं. पक्षीप्रेमी मंडळींनी मग एक युक्ती काढली. हिवाळ्यात गरुडांना बिनविषारी मांस घालायचं, म्हणजे निदान चार महिने तरी त्यांच्या पोटात स्वच्छ घास जाईल. आल्गोतनं आपणहून नाव दिलं. आतल्या गावांतून धान्यावर वाढलेली, कशानं ना कशानं मेलेली डुकरं यायची. दर रविवारी सकाळी तो एक डुक्कर स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बांधून गोठलेल्या समुद्रावरून दोन किलोमीटर ओढत न्यायचा, कुऱ्हाडीनं फोडून ठेवायचा आणि परत यायचा.

"तुझ्या खानावळीत आज काय बेत?" शेजारचा एव्हर्त विचारी.

"डुक्कर. ये की. पण पंगतीत सगळ्यात शेवटी बसावं लागेल."

मॅर्ताही सोडत नसे. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी बर्फातून मटण ओढून आणलं नाहीस."

"तुझी जात कुठं नामशेष व्हायला आली होती?"

"होईल, थांब जरा."

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये सीवला मुलगी झाली. सीव तेव्हा नवऱ्याबरोबर येव्हले शहरात राहत होती. बाळंतपणाला महिना झाल्यावर आल्गोत टोपलीभर धुरीचे हेरिंग घेऊन बसनं तिच्याकडे गेला. त्यानं टोपली टेबलावर ठेवली आणि कागद सोडायला घेतला.

"बाबा, राहू दे. उघडू नकोस," सीव म्हणाली.

"का? कालचेच आहेत."

"ताजे आहेत ते कळतंय." तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. "दवाखान्यात माझ्या दुधाची तपासणी केली. किनाऱ्याकडच्या बऱ्याच बायकांची केली. तुझ्या गरुडाच्या अंड्यात होतं तेच निघालं."

आल्गोत खुर्चीत बसला. "मग बाळाला दूध…"

"पाज म्हणाले. आईच्या दुधाचा फायदाच मोठा आहे. पण इथले चरबीवाले मासे बंद. ही विषं अंगात वर्षानुवर्षं राहतात आणि पोटातल्या बाळाकडे जातात. मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आजाराशी झगडायची ताकद कमी पडू शकते. होईलच असं नाही, पण होऊ शकतं."

"थोडे दिवस नाही खाल्लेस तर निघून जाईल ना?"

"हे थोड्या दिवसांचं नाही, बाबा. हे धक्क्यावर बसून खाल्लेलं आहे."

त्यानं कागद पुन्हा टोपलीवर ओढून घेतला. मग आल्गोत म्हणाला, "मला ठाऊक होतं, सीव. तू चौदा वर्षांची होतीस. मी मास्तरांना विचारलं होतं. पत्रात तसं काही नाही म्हणाले, मग मी गप्प बसलो."

सीवनं त्याच्याकडे पाहिलं. "गरुडांना स्वच्छ मांस ओढून नेत होतास," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं. "आणि काय करणार होतास तू तरी? आपल्याकडे दुसरं होतं काय खायला?"

टोपली घेऊन तो परत निघाला. बसभर हेरिंगचा घमघमाट सुटला आणि ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, "आजोबा, विकता का?" आल्गोतनं मान हलवली. घरी मॅर्तानं टोपली पाहिली आणि बटाटे उकडायला ठेवले. ते मासे दोघांनी मिळून खाल्ले.

पुढच्याच महिन्यात किनाऱ्यावरच्या लोकांनी एक नवल पाहिलं. पन्नाशी उलटलेला, समुद्रात हयात घालवलेला आल्गोत काठीला गळ बांधून जंगलातल्या एका तळ्यावर बसला होता. तळ्यातला पर्च नावाचा मासा अंगानं सुका, चरबी जवळजवळ नाहीच. त्या तळ्यातले मासे खायला हरकत नाही, हे त्यानं आधी आरोग्य खात्याला पत्र लिहून लेखी मागवून घेतलं होतं.

"समुद्र आटला काय रे?" एव्हर्तनं विचारलं.

"नातीसाठी आहे," आल्गोत म्हणाला.

एक शनिवार सोडून एक शनिवार तो पर्च घेऊन येव्हलेला जायचा, चौदा वर्षं. नात लुविसा त्या माशांवर वाढली. तिला आजोबा तळ्यातला कोळी वाटे, आणि तो तिची समजूत दुरुस्त करत नसे.

पंच्याऐंशीच्या जुलैत आल्गोतनं यालमार मास्तरांना होडीत घालून उत्तर टोकाला नेलं. मास्तर निवृत्त झाले होते, हात कापत होते. दुर्बीण आल्गोतनं त्यांच्या डोळ्यांशी धरली. घरट्याच्या काठावर एक मळकट तपकिरी डोकं वर आलं आणि ओरडायला लागलं.

मास्तर दगडावर बसले. "एकतीस वर्षांनी पिल्लू," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी नाक पुसलं. "आता तरी मला तू म्हण, आल्गोत. सगळं जग म्हणायला लागलंय."

"नाही जमणार, मास्तर," आल्गोत म्हणाला.

त्र्याण्णवमध्ये मॅर्ता स्तनाच्या कर्करोगानं गेली. आल्गोतनं डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला, हेरिंगमुळे का? बाई प्रामाणिक होत्या. "हजारो माणसांकडे पाहिलं तर थोडंफार सांगता येतं. एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही." हे उत्तर घेऊन तो बारा वर्षं जगला. मॅर्ताच्या खुर्चीत तो कधी बसला नाही.

हेरिंगमधलं विष हळूहळू उतरत गेलं, पण पुरतं गेलं नाही. मुलांनी आणि तरुण बायकांनी वर्षातून दोन-तीनदाच खावा, असं सरकारी पत्रक अजूनही येई. लुविसा मोठी झाल्यावर तिनं त्यातला आपला एक दिवस मिडसमरचा, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाचा, ठरवून टाकला, आणि त्या दिवशी आजोबांच्या हातचाच मासा हवा असा तिचा हट्ट असे.

आल्गोतनं शेवटचं डुक्कर ओढून नेलं तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. लुविसा सोबत होती, स्लेज तिनंच ओढली. थंडी हलकी होती, बेटांपलीकडे समुद्र न गोठता उघडा होता. दोघं तासभर खडकाआड बसले. कावळे आले, एक कोल्हा आला. गरुड सात होते. ते लांब उघड्या पाण्यावर घिरट्या घालत होते आणि आपापलं शोधून खात होते. या बाजूला एकही फिरकला नाही.

"आजोबा, वाईट वाटतंय?" लुविसानं विचारलं.

"थोडंसं," आल्गोत म्हणाला. मग त्यानं थर्मासचं झाकण उघडलं आणि आधी तिला कॉफी दिली.